गॅरेजमध्ये खाली काय टाकू? नागपूरच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइटवर सुपरव्हिजनचं काम करतो त्यामुळे ओळखीतले, ओळखीतल्यांचे ओळखीतले, सगळे एकच फोन करतात, "भाऊ, गाडी ठेवायच्या जागेत खाली काय टाकू?" आणि मी चालत्या गाडीवर अर्धवट उत्तर देतो. म्हणून एकदाच बसून लिहिलंय. जिथे माझं नुकसान झालं तिथे जरा जास्त लिहिलं गेलंय, चालवून घ्या.

फिरवू नका, सरळ सांगा, काय टाकू?

आधी तुम्ही सांगा, गॅरेज आहे की पोर्च? आपल्या इकडे गॅरेज म्हणतात त्यातली बहुतेक म्हणजे वर स्लॅब, समोर जाळीचं गेट आणि दुपारी चारनंतर अर्ध्या फरशीवर तिरपं ऊन. ऊन आणि पावसाची झड आत येत असेल तर इपॉक्सीचा विचार सोडा. रफ कोटा, नाहीतर नीट केलेलं आयपीएस (घोटलेलं काँक्रीट), नाहीतर जाड पार्किंग टाइल, यातलं काहीही घ्या. शटर लागतं, ऊन येत नाही, खाली ओल नाही आणि चकाचक दिसायला पाहिजे, तर इपॉक्सी करा. पण पुढचं वाचून करा.

इपॉक्सी म्हणजे शेवटी पेंटच ना?

नाही. पेंट सुकतो, इपॉक्सी दोन भाग मिसळल्यावर रासायनिक क्रियेने कडक होतं. गोंधळ असा की दुकानात "इपॉक्सी फ्लोअर पेंट" म्हणून पातळ डबाही मिळतो आणि फॅक्टरीत टाकतात ते २-३ मिमी जाडीचं सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं, तेही इपॉक्सीच. पहिलं कागदाएवढं पातळ, दुसरं चांगल्यापैकी थर. कोटेशनमध्ये नुसतं "इपॉक्सी" लिहिलं असेल तर काहीच लिहिलेलं नाही असं समजा.

जाडी पकडायचा सोपा हिशोब आहे. १ चौरस मीटरवर १ मिमी थराला १ लिटर माल लागतो. तुमची जागा १० बाय १८ फूट, म्हणजे १८० चौरस फूट, म्हणजे साधारण १६.७ चौरस मीटर. २ मिमी पाहिजे तर ३३ लिटरच्या आसपास माल आला पाहिजे. ठेकेदार ४ लिटरचा एक डबा घेऊन स्कूटरवर आला आणि "दोन एमएम करून देतो साहेब" म्हणाला तर तो पाव मिमीही करत नाहीये, आणि डब्यात पाणी किंवा थिनर असेल तर तेही उडून जाऊन आणखी कमी उरतं. दारात रिकामे डबे मोजा, एवढं केलं तरी अर्धी फसवणूक थांबते.

तुमच्याकडचं उखडलं म्हणे?

हो ना बाप्पा. बाबांच्या घरी, मे महिन्यात, आणि मी या लाइनमध्ये असून. ज्याला काम दिलं त्याने फरशी घासलीच नाही, ॲसिड टाकून झाडूने धुतली, दोन दिवस पंखा लावला आणि रोलर मारला. दिसायला इतकं छान की शेजारचे काका चप्पल बाहेर काढून बघायला आले. तिसऱ्या आठवड्यात बाबा भर दुपारी अमरावतीहून आले, गाडी आत लावली, आणि सकाळी रिव्हर्स घेतली तर खालून सेलोटेप ओढल्यासारखा चर्रर आवाज. चार टायर, चार चट्टे, बरोब्बर टायरच्या मापाचे, आणि निघालेला हिरवा थर टायरलाच चिकटलेला.

होतं काय, की तापलेला टायर इपॉक्सीला थोडं नरम करतो. घरगुती इपॉक्सी साधारण ५०-६० डिग्रीला मऊ व्हायला लागतं आणि आपल्या मे महिन्यात डांबरावरून तीन तास पळालेला टायर तिथे सहज पोचतो. मग रात्रभर टायर थंड होताना आखडतो आणि थराला धरून ओढतो. खाली पकड चांगली असेल तर थर ओढ सहन करतो, नसेल तर टायरसोबत निघतो. आमच्याकडे पकडच नव्हती.

पोपडा निघालाच असेल तर फेकू नका, उलटा करून बघा. मागे सिमेंटची राखाडी पूड चिकटलेली असेल तर काँक्रीटचा वरचा थर कच्चा होता, घासून काढला नाही. मागची बाजू स्वच्छ, गुळगुळीत असेल तर ओल, तेल किंवा फरशी जास्त घोटलेली. आणि बोटाला चिकट लागत असेल तर दोन भागांचं माप चुकलं, तो थर वर्षभर ठेवला तरी कडक होणार नाही. आमच्या पोपड्याच्या मागे पूड होती. ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर अजून यायचंय.

मग ॲसिडने धुवायचं नाही का?

मी नाही म्हणतो. डायमंड ग्राइंडर मारून घ्या, सोबत व्हॅक्युम लावलेला. हात फिरवल्यावर बारीक पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. ॲसिड एकसारखं खात नाही, ओल सोडून जातं, आणि तेलाच्या डागावर तर ते काहीच करत नाही. व्हॅक्युम नसेल तर ती धूळ फुप्फुसात जाते, त्यात सिलिका असते, तोंडाला नुसता रुमाल बांधून ते काम करणाऱ्या पोट्ट्यांना निदान चांगला मास्क आणून द्या.

पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखे बसून राहिले तर फरशीत तेल आहे किंवा जुना सीलर आहे, अजून घासा. मिनिटभरात पिऊन टाकले तर पुढे जा.

खाली ओल आहे की नाही घरच्या घरी कसं कळेल?

दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारी बाजूंनी टेपने फरशीवर गच्च चिकटवा आणि निदान १६ तास, म्हणजे आज संध्याकाळी लावून उद्या दुपारपर्यंत तसंच सोडा. काढल्यावर आतून घाम आला असेल किंवा फरशी गडद पडली असेल तर ओल आहे. एकाच जागी करू नका, भिंतीजवळ एक, मध्ये एक. आणि कृपा करून हे मे महिन्यात करून "कोरडी आहे" म्हणून मोकळे होऊ नका, मे महिन्यात आपल्याकडे विहीरपण कोरडी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा, तेव्हा खरी परीक्षा.

नवीन काँक्रीट असेल तर कमीत कमी २८ दिवस थांबायचं, त्यानंतरही प्लास्टिकची परीक्षा घ्यायची. घर बांधतानाच विचारणाऱ्यांसाठी: काँक्रीटच्या खाली २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरून घ्या. पूर्ण घराच्या खर्चात ते कुठे दिसतही नाही आणि नंतर ते टाकता येत नाही.

प्लॉट काळ्या मातीचा आहे, दरवर्षी फरशीला तडे जातात. वरून कोटिंग मारलं तर थांबतील का?

नाही थांबणार, आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगतो.

शहराच्या कडेच्या नव्या लेआउटमध्ये काल-परवापर्यंत कापूस-तूर होती. ती काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आखडते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या बघितल्या असतीलच, तीच माती तुमच्या गॅरेजखाली आहे. घराचे कॉलम खोल उतरवलेले असतात म्हणून घर जागेवर राहतं, पण गॅरेजची फरशी नुसती मातीवर बसलेली असते, ती पावसाळ्यात वर येते आणि उन्हाळ्यात खाली बसते. त्यातही कडेची माती जास्त भिजते, मधली कमी, म्हणून तडा बहुतेक मधोमध किंवा कॉलमला लागून जातो.

आधी तडा जिवंत आहे की मेलेला ते बघा. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने दोन रेघा मारा, मधलं अंतर पट्टीने मोजून भिंतीवरच तारखेसकट लिहून ठेवा. मे मध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. अंतर बदललं तर तडा जिवंत आहे. जिवंत तड्यात कडक इपॉक्सी भरलं तर तो बाजूला नवीन वाट काढतो, त्यात लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं आणि वर टाइल असो की कोटिंग, तो जॉइंट तसाच वरपर्यंत आणायचा, झाकायचा नाही. मेलेल्या तड्यात इपॉक्सी भरा, घासा, विषय संपला.

खरा इलाज खालचा आहे. काळी माती दोन-तीन फूट काढा, मुरूम भरा, तोही थराथराने पाणी मारून आणि रोलर-रॅमरने दाबून, एकदम ट्रॉली ओतून नाही. त्यावर बोल्डर सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, मग काँक्रीट. आणि छताचं पाणी पाइपने लांब सोडा. मी एका घरी बघितलं, वरचा पाइप थेट गॅरेजच्या कोपऱ्यात सोडलेला आणि मालक विचारतोय काहून त्याच कोपऱ्यात फरशी उचलते.

आयपीएस जुन्या घरात असायचं, आता कोण करतं?

मी करतो, आणि बहुतेकांना तेच सांगतो. घोटलेलं काँक्रीट, बस. कन्हान नदीची रेती, चांगली गिट्टी, मातकट चुरी नको. जुन्या पक्क्या बेसवर ४०-५० मिमी पुरतं. थेट जमिनीवर टाकायचं असेल तर छोट्या गाडीला १०० मिमी, मोठ्या एसयूव्हीला १२५ ते १५०, एम २० किंवा एम २५ ग्रेडचं काँक्रीट.

दोन गोष्टी मिस्त्री हमखास विसरतात. एक, जॉइंट. १०० मिमी जाडीला ८ ते १० फुटांवर कट पाहिजे, जाडीच्या पाव भाग खोल, दुसऱ्याच दिवशी कटर मारून. तुम्ही कट नाही मारला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीने मारतं, वाकडातिकडा. दोन, तराई. वर कोरडं सिमेंट भुरभुरून आरशासारखं घोटून देतात, मालक खूश, आणि सात दिवस पाणी कोणी मारत नाही. सहा महिन्यांनी झाडू मारला की दरवेळी राखाडी पूड निघते. भुरभुरायचंच असेल तर फ्लोअर हार्डनरची पावडर भुरभुरा. आणि आधीच पूड सुटत असेल तर लिक्विड हार्डनर मिळतं, सिलिकेटचं, ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून आतच घट्ट होतं. वर थर राहत नाही, म्हणजे उखडायला काही नाही. बाबांच्या घरी शेवटी हेच केलं, हिरवा थर सगळा घासून काढला आणि त्याच काँक्रीटला हार्डनर पाजलं. दिसायला साधं आहे. शेजारचे काका परत आले नाहीत बघायला.

ट्रिमिक्स (मशीनने जादा पाणी ओढून घोटलेलं काँक्रीट) चांगलंच, पण १८० फुटांसाठी मशीनवाला येत नाही, आला तर भाडंच जास्त लावतो.

कोटा स्टोन टिकतो का?

वजनाला टिकतो, २०-२५ मिमीचा घ्या. पॉलिश कोटा नको, पहिल्या पावसात ओल्या चपलेने आई घसरते. रफ किंवा अर्धवट घासलेला घ्या.

पण कोटा म्हणजे चुनखडी, आणि चुनखडीचं ॲसिडशी वैर. आपल्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी कुठे ठेवतात? गॅरेजच्याच कोपऱ्यात. डिस्टिल्ड वॉटर जास्त झालं की झाकणातून ओघळ येतो आणि कोट्यावर पांढरा खरबरीत चट्टा पडतो, तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, पुसून जात नाही. बॅटरीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा. टॉयलेट क्लीनरने फरशी चमकवणाऱ्या बाईंनाही प्रेमाने सांगा.

पार्किंग टाइल गाडीने फुटतात हो.

टाइल गाडीने फुटत नाही, खालच्या पोकळीने फुटते. मिस्त्री मसाल्याचे पाच गोळे ठेवतो, वरून टाइल ठेवून हातोडीच्या दांड्याने ठोकतो, कोपरे पोकळ राहतात, आणि टायर चढतो तो नेमका कोपऱ्यावरून. लावल्यावर दोन दिवसांनी नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा, पोकळ आवाज आला तर पैसे द्यायच्या आधी काढून लावायला सांगा, नंतर कोणी फोन उचलत नाही.

घरातली ८-९ मिमीची टाइल उरली म्हणून बाहेर लावू नका. १२ मिमीच्या वरची व्हिट्रिफाइड घ्या, जी ०.५ टक्क्यापेक्षा कमी पाणी पिते, आणि अँटीस्किड आर ११ किंवा वर. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही म्हणूनच नुसत्या सिमेंटच्या घोळाला नीट धरत नाही, टाइल ॲडहेसिव्ह खाचांच्या करणीने पूर्ण पसरून लावा. सांधा ३ मिमी तरी सोडा, आपल्याकडे डिसेंबरची रात्र आणि मेची दुपार यांत इतका फरक असतो की सांधा न सोडता एकमेकींना भिडवून लावलेल्या टाइल तंबूसारख्या उभ्या राहतात, एकदा बघितलंय, आवाज फटाक्यासारखा येतो.

आणि गट्टू (पेव्हर ब्लॉक)?

गेटबाहेरच्या रॅम्पला, अंगणाला उत्तम. काळ्या मातीवर तर शहाणपणाचे, कारण खालीवर झाले तरी काढून परत बसवता येतात. कारसाठी ६० मिमीचे, एम ३५ मागा, आयएस १५६५८ या भारतीय मानकात हलक्या रहदारीला तेच दिलंय. ५० मिमीचे पायवाटेचे असतात. बंद गॅरेजमध्ये मात्र फटींत धूळ, तेल, मुंग्या.

रबर मॅट किंवा पीव्हीसीच्या लॉक होणाऱ्या टाइल?

भाड्याच्या घरात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे खोदाफोडा करता येत नाही, तिथे ठीक. दोन तोटे: टायरच्या रबरातलं रसायन पीव्हीसीत उतरून तपकिरी डाग पडतो तो निघत नाही, म्हणून काळा किंवा गडद रंग घ्या. आणि खाली पाणी साचलं तर वरून कळत नाही, वासाने कळतं.

मे महिन्यात सुट्ट्या असतात, तेव्हाच कोटिंगचं काम काढू का?

नका काढू. गरमीत मिसळलेलं इपॉक्सी फार लवकर धरतं, साधारण दर १० डिग्रीला वेळ अर्धा होतो. २५ डिग्रीला अर्धा तास मिळतो तो ४५ डिग्रीच्या दुपारी दहा मिनिटांच्याही आत येतो. आमच्याकडे बादलीत ठेवलेला माल तापून त्यातून धूर निघायला लागला होता, नवतप्यातलीच गोष्ट. मिसळला की बादलीत ठेवायचा नाही, लगेच फरशीवर ओतायचा, आणि काम सकाळी सहालाच सुरू करायचं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असला तर थरावर पांढुरकी चिकट साय येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपला सीझन, फक्त डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो तेव्हा दुपारी जमेल तेवढंच करा आणि गाडी आठवडाभर बाहेर ठेवा.

थोडंफार ऊन लागणारच असेल तर वरून ॲलिफॅटिक पीयूचा (उन्हात पिवळा न पडणारा) कोट घ्या. उघडं इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं, राखाडी रंगात कमी दिसतं, पांढऱ्यात लगेच. पॉलिअस्पार्टिक उन्हालाही टिकतं आणि झटपट वाळतं, पण महाग आणि इतकं झटपट की नवशिक्याच्या हातात रोलरच चिकटतो.

उतार किती ठेवू?

८० ला १. म्हणजे १८ फुटांत पावणेतीन इंच, गेटकडे. गाडी उभी राहते, पाणी उभं राहत नाही. घराकडे उतार काढलेली गॅरेजही मी बघितलीयेत, त्यावर काही बोलत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं तेव्हापासून लोक विचारतात की पूर आला तर काय टिकेल. पक्की फरशी टिकते, कोटा आणि काँक्रीट धुऊन मोकळे. वरून अंथरलेलं सगळं जातं. आणि इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका, दोन फूट कट्टा करा.

बुलेटच्या स्टँडने खड्डा पडतो.

सगळं वजन रुपयाएवढ्या जागेवर येतं, काय करणार. पीयू आणि पीव्हीसी दबतात, टाइलचा कोपरा उडतो, इपॉक्सीवर चंद्रकोर पडते. स्टँड जिथे टेकतो तिथे हाताएवढी लोखंडी पट्टी टाका. रंगवून, नाहीतर गंजाचा डाग.

गंजावरून आठवलं, कूलरच्या स्टँडचे डाग?

प्रत्येक घराचं दुखणं. जुलैमध्ये कूलर गॅरेजमध्ये जातो, टाकीत तांब्याभर पाणी राहिलेलं असतं, आणि मार्चमध्ये बाहेर काढतो तेव्हा खाली चार तांबडे पाय उमटलेले. काँक्रीट आणि टाइलवर गंज काढायचं तयार लिक्विड चालतं, कोट्यावर ते ॲसिडमुळे चालत नाही, तिथे दगडवाल्याकडून घासूनच घ्यावं लागतं. त्यापेक्षा टाकी पूर्ण उपसा आणि चार पायांखाली चार तुटक्या टाइलचे तुकडे ठेवा.

इंजिन ऑइल सांडलं तर आधी पाणी टाकू नका. लाकडाचा भुसा किंवा कोरडी रेती टाका, रात्रभर पिऊ द्या, सकाळी झाडा, मग कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश.

यात स्वस्त काय, महाग काय?

भाव दर महिन्याला बदलतात म्हणून आकडे लिहीत नाही, क्रम सांगतो. जुन्या काँक्रीटला लिक्विड हार्डनर सगळ्यात स्वस्त, मग पातळ इपॉक्सी पेंट (जो मी करू नका म्हणतोय), मग आयपीएस आणि गट्टू, मग कोटा, मग ॲडहेसिव्हने लावलेली जाड टाइल, मग २-३ मिमी इपॉक्सी, आणि वर पीयू किंवा पॉलिअस्पार्टिक घेतलं तर सगळ्यात वर. बुटीबोरी, हिंगण्याच्या फॅक्टऱ्यांत काम करणारे चांगले इपॉक्सीवाले आहेत, पण ते मोठ्या कामाचे, १८० फुटांना हात लावायचे नाहीत. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी बोलवलं तर येतात.

तान्ह्या पोळ्याला पोरांनी लाकडी बैल गॅरेजमध्ये रंगवला, ऑइल पेंट सांडला. आता?

ओला असेल तर पुसायच्या ऐवजी कागदाने टिपा, मग फडक्याला थोडं टर्पेंटाइन. इपॉक्सीवर आणि टाइलवर निघून जातो. वाळला असेल तर टाइलवरून ब्लेडने खरवडा. आयपीएसवर वाळला असेल तर पूर्ण निघणार नाही, आमच्याकडे एक लाल शिंग गेल्या पोळ्यापासून तसंच आहे आणि मुलगी काढू देत नाही.